धाकट्याच्या तोंडचं वाक्य

पोपटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डबिंग स्टुडिओत कोणीतरी थट्टेने हाक मारली, दुसऱ्याने उचलली, आणि मग ती अशी चिकटली की घरी बायकोही तेच म्हणू लागली. रागात असली की "अहो पोपटराव", लाडात असली की नुसतंच "अहो". त्यावरून त्यांना घरातलं हवामान कळायचं.

धंदा दुसऱ्याच्या तोंडात आवाज भरण्याचा. परक्या भाषेतला सिनेमा आला, एखाद्या नटाचा घसा बसला, एखादा देखणा हिरो तोंड उघडल्यावर चिरका निघाला, की पोपटरावांना बोलावणं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभं राहायचं, समोर पडद्यावर तोंड हललं की त्या तोंडात आपलं वाक्य असं बसवायचं की कोणाला शंकाही येऊ नये. त्यांनी डाकू केले, न्यायाधीश केले, बोलणारं अस्वल केलं, टूथपेस्टच्या जाहिरातीतला किडलेला दातही केला. अस्वलामुळे गल्लीतली पोरं त्यांना मानायची. बाकीच्या जगाला हा माणूस ठाऊकच नव्हता, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

बाकी माणूस साधा. सकाळी कोमट पाणी, दुपारी डबा, तिखटाला हात नाही, थंड पाण्याला तर बंदीच. घशाला एवढं जपायचे की बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या घशाशीच लग्न करायचं होतंत."

आता धाकट्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पोपटरावांची गोष्ट पुढे सरकत नाही.

धाकटा म्हणजे तो नट. पहिल्याच सिनेमात त्याने घरातल्या धाकट्या भावाचं काम केलं आणि लोकांनी त्याचं नावच धाकटा ठेवलं. तिशीही गाठली नव्हती त्याने. एका दुपारी गाडी उलटली आणि खेळ खलास. तेव्हापासून तो कायमचा धाकटाच राहिला. त्याच्या बरोबरीच्या नटांची पोटं सुटली, टकलं पडली, एक-दोघं आजोबा झाले. हा मात्र प्रत्येक भिंतीवर तसाच, केस कपाळावर आलेले, हसू ओठांच्या एका कोपऱ्यात.

आणि लोकही काय एकेक! जिवंत होता तेव्हा हेच निर्माते कपाळाला हात लावायचे, उशिरा येतो म्हणून, डोक्यात हवा गेलीय म्हणून. तो गेला आणि त्याच निर्मात्यांनी माइकसमोर असे काही हुंदके दिले की पोटचा पोरगा गेलाय असं वाटावं. न्हाव्यांनी त्याच्यासारखे केस कापायला सुरुवात केली, शिंप्यांनी त्याच्यासारखे सदरे शिवले, एका बिस्किटवाल्याने त्याचं हसू पुड्यावर छापलं. मेलेल्या माणसाची ही मोठी सोय, तो नको म्हणायला येत नाही. पहिल्या वर्षी लोक खरोखरीचं रडले. पुढे पुढे रडण्याचीही सवय झाली, आणि दरवर्षी त्या तारखेला चौकाचौकांत त्याचा फोटो, हार आणि लाउडस्पीकर हे ठरूनच गेलं.

तर तो गेला तेव्हा त्याचा शेवटचा सिनेमा जवळपास पुरा झाला होता. गावाकडचा पोरगा नशीब काढायला शहरात निघतो, आईचा निरोप घेतो, आणि मग सिनेमा संपतो. नेमका तो निरोपच चित्रित व्हायचा राहिलेला. निर्माता हवालदिल झाला. संकलन करणाऱ्याने टाकाऊ तुकड्यांचे डबे उपसले आणि त्यातून एक तुकडा काढला. दोन शॉटच्या मधला वेळ, कॅमेरा चुकून चालूच राहिलेला. धाकटा सेटवरच्या खिडकीत उभा आहे, कॅमेऱ्याच्या थोडं पलीकडे कोणाकडे तरी बघतो, हसतो, काहीतरी बोलतो, आणि मान जरा वर करून 'कळलं ना?' असं विचारल्यासारखं बघत राहतो. आवाज काहीच नव्हता. पण चेहऱ्यावर अशी माया होती की दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "मिळाला शेवट!"

त्या तुकड्याला वाक्य हवं होतं. पोपटरावांना बोलावलं. धाकट्याचा घसा बसला की पूर्वीही त्यांनीच वेळ मारून नेली होती, म्हणून त्याचा आवाज काढणं त्यांना जमत होतं. तुकडा पडद्यावर फिरत राहिला, पुन्हा पुन्हा. पोपटरावांची सवय अशी की आधी नुसते ओठ बघायचे. बघता बघता ते सहज म्हणाले, "साहेब, हा जेवणाखाण्याचं काहीतरी बोलतोय बघा."

रेकॉर्डिस्ट हसला. दिग्दर्शकही हसला. म्हणाला, "जेवणावर कोण रडणार, पोपटराव? लोक वाट बघण्यावर रडतात." आणि तिथल्या तिथे त्याने वाक्य सांगितलं: "आई, वाट बघ. मी येईन."

ते ओठांवर नीट बसेना. मग संकलकाने तुकडा इथे जरा छाटला, तिथे जरा ताणला, पोपटरावांनी एक शब्द लांबवला, एक गिळला, आणि 'येईन'वर आवाज किंचित कापरा केला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने डोळे पुसले. काम चोख झालं होतं. पोपटराव खुशीत घरी गेले आणि त्या दिवशी त्यांनी बायकोला सिनेमाला नेलं, दुसऱ्याच कुठल्यातरी.

पुढे जे झालं ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या वाक्याने लोकांना वेडं केलं. भिंतींवर ते, ट्रकच्या पाठीवर ते, चहाच्या कपांवर ते. परगावी निघालेली पोरं बसच्या खिडकीतून आयांना तेच म्हणायची आणि आया पदर डोळ्यांना लावायच्या. धाकट्याचं शेवटचं वाक्य! निर्मात्याने पोपटरावांना बजावलं होतं की याची वाच्यता नको, लोकांचा विरस होतो. त्यांनी बायकोशिवाय कोणालाही सांगितलं नाही. त्या तारखेला ते बाजारात भाजी घेत असायचे आणि चौकातल्या लाउडस्पीकरवरून त्यांचाच आवाज अंगावर यायचा. भाजीवाली हात थांबवून म्हणायची, "काय आवाज होता हो पोराचा! असा पुन्हा होणे नाही." पोपटराव "नाही हो" म्हणायचे आणि टोमॅटो निवडायला लागायचे.

एवढं सगळं गुपचूप चाललं होतं, पण रेकॉर्डिस्ट निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात भरात येऊन तो बोलून गेला की धाकट्याच्या शेवटच्या प्रसंगाला आवाज आमच्या पोपटरावांचा. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. लोकांनी वाचल्या आणि सोडून दिल्या, कारण असलं काही खरं मानायची कोणाची इच्छाच नसते. पण एका बाईंनी त्या वाचल्या आणि सोडल्या नाहीत.

दुपारच्या सुट्टीत पोपटराव स्टुडिओच्या बोळातल्या बाकावर डबा खात होते, तेव्हा त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात पिशवी, आणि मागे चाळिशीची लेक. लेकीचा चेहरा भेदरलेला. बाई मोठ्याने आणि एका सुरात बोलल्या, स्वतःचा आवाज ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासारख्या.

"तुम्हीच पोपटराव ना? माझ्याकडे तोंड करून बोला हं. मला ऐकू येत नाही, ओठांवरून कळतं. मी धाकट्याची आई."

पोपटराव ताडकन उठले. डब्याचं झाकण खाली पडलं.

"बसा, बसा. जेवणावरून उठू नका," असं म्हणत त्या स्वतःच शेजारी बसल्या. "तो पोटात होता तेव्हा मला ताप आला आणि कान गेले. त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नाही हो. लोक सांगतात, फार गोड होता. माझ्याशी तर तो आवाज न करताच बोलायचा. म्हणायचा, तुला ऐकू येत नाही तर उगाच शेजाऱ्यांना कशाला ऐकवू? नुसते ओठ हलवायचा. आम्ही दोघं कडाकडा भांडायचो आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी एवढी शांतता!" त्या हसल्या. लेक हसली नाही.

"त्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन सेटवर गेले होते. त्याला सुटायला वेळ होता. मला काचेपलीकडे पाहुण्यांच्या खोलीत बसवलेलं. तर हा खिडकीत येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'आई, जेवून घे. वाट बघू नको.' एवढंच. आणि त्या मोठ्या मनाच्या माणसांनी नेमकं तेच सिनेमात ठेवलं!"

पोपटरावांनी डबा बाजूला ठेवला. त्यांनी लेकीकडे बघितलं.

आई सांगतच होत्या. "आठवड्याच्या आत तो गेला. मग माझ्या घशाखाली घास उतरेना. डॉक्टर झाले, सलाईन झालं. सगळे म्हणाले, आता ही पण जाते. मग हिने मला तो सिनेमा दाखवायला नेलं. भिंतीएवढा त्याचा चेहरा, आणि एवढ्या माणसांदेखत मलाच म्हणाला, 'आई, जेवून घे. वाट बघू नको.' मी घरी आले आणि जेवले. त्या दिवसापासून रोज वेळेवर जेवते, एकदाही चुकवलं नाही. सांगून गेलाय ना तो. अहो, सगळं थिएटर रडत होतं! मी म्हटलं, बघा, माझ्या बाळाच्या एवढ्याशा बोलण्यावर ही परकी माणसं रडतात. त्याने तर आवाजही केला नव्हता तेव्हा. ते शब्द तुम्ही लोकांच्या कानांपर्यंत पोचवलेत. म्हणून आले. तुमचे हात धरायचे होते मला." आणि त्यांनी पोपटरावांचे दोन्ही हात, खरकट्यासकट, धरले.

आईच्या पाठीमागे उभी राहून लेक बोलायला लागली. आईला ऐकू जात नव्हतं, त्यामुळे ती चांगली मोठ्याने बोलत होती, आणि रडत होती.

"काका, सांगू नका. हात जोडते. तिला काही ठाऊक नाही. भिंतीवर ते वाक्य दिसलं की मी म्हणते, ते दुसऱ्या कुठल्या सिनेमातलं आहे. त्या एका बोलण्यावर ती जगलीय. तिला एवढंच हवंय की तो जे बोलला ते जगाने ऐकलं."

पोपटराव काय बोलणार? उत्तर द्यावं तर ओठ हलणार, आणि समोरचे डोळे ओठांवरच खिळलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या ओठांवर नजर ठेवून पोट भरलं, आज पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर कोणी नजर ठेवली होती. शेवटी ते एवढंच म्हणाले, "काकू, मी फक्त माझं काम केलं." आईंनी ते वाचलं, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. डबा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि तो पुतळा?"

तोच तर घोर होता. शहराच्या मोठ्या चौकात धाकट्याचा पुतळा उभा राहत होता. आठ-दहा दिवसांत अनावरण, तेही आईच्या हस्ते. आणि खाली काळ्या दगडावर कोरलं होतं, "आई, वाट बघ. मी येईन." त्याखाली धाकट्याचं नाव.

"तिथे काय, लेक दुसऱ्या सिनेमातलं म्हणून सांगणार का?" बायको म्हणाली. "अहो, त्या माउलीला हजार माणसांसमोर कळण्यापेक्षा घरात बसून तुमच्या तोंडून कळू दे."

"लेक नको म्हणतेय गं."

"लेक घाबरलीय. तुम्ही पण घाबरलात. जा उद्या."

ते 'उद्या' काही उजाडलं नाही. आधी ते स्मारक समितीच्या अध्यक्षांकडे गेले, म्हटलं दगडच बदलला तर प्रश्नच मिटेल. अध्यक्ष भला माणूस, त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "काय बोलता राव! पोराटोरांना पाठ आहे ते वाक्य. त्याच्याऐवजी काय, जेवून घे म्हणून कोरू? लोक पुतळ्यापुढे हसतील हो." मग एक दिवस पोपटराव आईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्या घेऊन परतले. मग स्टुडिओत काम आलं. मग शनिवार आला. माणूस भित्रा असला की त्याला कामं बरोबर सापडतात. लेकीने आपल्या परीने समितीला 'आईला ताप आलाय' अशी थाप मारून बघितली, पण आई सकाळपासून नवी चप्पल घालून तयार बसलेली.

अनावरणाच्या दिवशी चौकात मुंगीला जागा नव्हती. माणसं गच्च्यांवर, झाडांवर, दुकानांच्या पत्र्यांवर. पोपटराव बायकोसोबत कडेला उभे होते. भाषणं झाली. ज्या निर्मात्याने धाकट्याला एकदा सेटवरून हाकलून दिलं होतं, तोच सगळ्यात जास्त वेळ बोलला. मग आईंनी दोरी ओढली आणि पडदा खाली आला.

पुतळा बरा होता. हसू जमलं नव्हतं, पण केस जमले होते. आईंनी आधी चेहरा बघितला, बराच वेळ. मग नजर खाली दगडावर आली. पोपटरावांना लांबूनही दिसलं की त्या एकदा वाचून थांबल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या. लेक घाईघाईने त्यांच्या समोर येऊन काहीतरी सांगू लागली. तेवढ्यात लाउडस्पीकरवर पोपटरावांचा आवाज सुटला, तो कापरा, गिळलेला, चोख आवाज. "आई, वाट बघ. मी येईन." आणि सगळ्या गर्दीने तो उचलला. पुन्हा आवाज, पुन्हा गर्दी.

आईंनी वळून बघितलं. त्यांच्यासाठी आवाज नव्हता, फक्त तोंडं होती. गच्चीवरची, झाडावरची, समोरची, म्हाताऱ्यांची, पोरींची, पोलिसांची, शेकडो तोंडं एकदम उघडत होती, एकदम मिटत होती, आणि सगळी त्यांना एकच सांगत होती. वाट बघ. वाट बघ. वाट बघ. त्या एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर नेत होत्या, कुठेतरी निराळं काही सापडेल म्हणून. लोकांना वाटलं, माउलीला गहिवरून आलं. फोटोवाले पुढे धावले. पोपटरावांनी बायकोचा दंड धरला आणि ते मटकन फुटपाथवर बसले.

चार-पाच दिवस गेले असतील. दुपारी स्टुडिओत लेक आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, आई जेवत नाही."

"काहीच नाही?"

"ताट वाढून घेते. समोर ठेवते. आणि म्हणते, थांबते जरा. दाराकडे तोंड करून बसते. मी सगळं खरं सांगितलं, पायांवर डोकं ठेवलं. ती ऐकून घेते आणि म्हणते, थांबते जरा."

पोपटरावांनी हेडफोन काढले, काम अर्धवट टाकलं आणि ते तिच्यासोबत निघाले. एवढ्या वर्षांत काम अर्धवट टाकून ते पहिल्यांदाच गेले असतील.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. धाकट्याचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. लेक नंतर म्हणाली, आईला फोटो आवडत नाहीत, फोटोत तोंड हलत नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी आई बसल्या होत्या. समोर ताट. भात, भाजी, वाटीत दही. भातावर साय धरल्यासारखं झालेलं. चार दिवसांत बाई निम्म्या झाल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. राग नव्हता, आणि पोपटरावांना तेच सहन होईना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते समोर बसले. सावकाश, एकेक शब्द दिसेल असं बोलले. "काकू, ते वाक्य आम्ही रचलं. दिग्दर्शकाने सांगितलं, मी म्हटलं. धाकटा ते बोललाच नव्हता. तुम्ही वाचलं होतं तेच बरोबर होतं."

आईंनी मान हलवली. "तुम्ही माझं मन राखताय. हीसुद्धा तेच सांगते. अहो, काचेतून बघितलं होतं मी, लांबून. घाईत. मला भूक लागली होती, म्हणून मला जेवणाचं दिसलं असेल. एवढी माणसं म्हणतात ती काय खोटी? मी सगळ्यांची तोंडं बघितली, एकाचंही निराळं नव्हतं." मग त्या थांबल्या आणि त्यांचा तो एकसुरी आवाज पहिल्यांदाच फाटला. "तो मला वाट बघ म्हणाला होता आणि मी जेवत बसले हो. इतकी वर्षं. रोज पोटभर जेवले. एक दिवससुद्धा त्याची वाट बघितली नाही मी."

लेक भिंतीला टेकून खाली बसली.

पोपटरावांना काहीतरी बोलायचं होतं. शपथ घ्यावी, पाय धरावेत, रेकॉर्डिस्टला बोलावून आणावं. पण आता शब्दांवर या बाईंचा विश्वास राहिला नव्हता, आणि तो घालवला कोणी? मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, चेहरा उजेडात घेतला. त्या तुकड्यातला प्रत्येक बारकावा त्यांना तोंडपाठ होता. ते आधी थोडं पलीकडे बघून हसले, ओठांच्या एका कोपऱ्यातून. मग घशातून एवढासाही आवाज न काढता, त्याच्यासारखेच जरा घाईने, जरा लाडाने, नुसते ओठ हलवून म्हणाले.

आई, जेवून घे. वाट बघू नको.

आणि मान किंचित वर केली.

आई बघत राहिल्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. नळाचं पाणी ठिबकत होतं, ते फक्त दोघांना ऐकू येत होतं. पोपटरावांना वाटलं, चुकलं आपलं, हे करायला नको होतं, आपण कोण लागून गेलो. ते चेहरा खाली घालणार तेवढ्यात आईंनी त्यांची हनुवटी धरून वर केली. डोळे ओठांवरच होते. आणि ज्या बाई त्यांना अहो-जाहो करत होत्या, त्यांनी विचारलं,

"आणि तू? तू जेवलास का?"

त्या दिवशी काचेपलीकडून त्यांनी हेच विचारलं असणार. तुकडा त्याच्या आधीच संपला होता. पोपटरावांनी तो हजारदा बघितला होता, पण पुढचं उत्तर कोणाजवळच नव्हतं. त्यांनी नुसती मान डोलावली. हो.

"खोटं," आई म्हणाल्या. "तोंड सुकलंय तुझं." आणि समोरचं ताट त्यांनी पोपटरावांच्या पुढे सरकवलं.

गार भात होता. पोपटरावांनी घास घेतला. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, तरी ते खात राहिले, कारण हात थांबला की आई लगेच कपाळाला आठ्या घालत होत्या. लेकीने दुसरं ताट वाढून आणलं आणि आईच्या समोर ठेवलं. त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. दोन्ही कोपर टेबलावर टेकून त्या पोपटरावांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.